योग्य ती कार्यवाही

चंदीगडला बदली झाली तेव्हा आता आपण देशातल्या सगळ्यात आखीव शहरात राहणार, असं मी नातेवाइकांना सांगत सुटलो होतो. सेक्टर ३९मध्ये सरकारी क्वार्टर, दारात बहावा, रुंद रस्ते. जवळच कचऱ्याचा डोंगर आहे हे पश्चिमेचा वारा सुटल्यावर कळलं. ते मात्र मी कोणाला सांगितलं नाही.

उन्हाळ्यात तो डोंगर आतून धुमसायचा. बायकोचा दमा बळावला आणि आमच्या पश्चिमेच्या खिडक्या बंद झाल्या, त्या झाल्याच. "पापा, कुछ करो ना," मुलगी म्हणाली. मी संशोधन संस्थेतला प्रशासन अधिकारी. संशोधन इतर लोक करतात, मी त्यांच्या फायलींवर शेरे मारतो. पण त्या दिवशी अंगात आलं. म्हटलं, पालिकेला कोर्टात खेचायचंच. सरकारी नोकराने स्वतःच्या नावाने जाणं अडचणीचं, म्हणून अर्जदार बायको झाली. शौर्य माझं.

मसुदाही मीच करणार म्हणून हटून बसलो. वकीलबाई जुन्या मुरलेल्या होत्या. "सर जी, डेट डालिए. कौन करेगा, वो डालिए. नहीं किया तो क्या होगा, वो भी डालिए," त्यांनी परोपरीने सांगून पाहिलं. मला ते उद्धटपणाचं वाटलं. पालिकेतलीही आपल्यासारखीच नोकरदार माणसं, त्यांना असं कोंडीत पकडणं बरं दिसतं का? मी माझ्या नेहमीच्या घोटीव इंग्रजीत मागणी लिहिली: सक्षम अधिकाऱ्याने उचित कालावधीत योग्य ती कार्यवाही करावी.

पहिल्याच तारखेला समोरच्या वकिलाने ती वाचली आणि हसतमुखाने सांगितलं, आम्हाला मान्य आहे. अर्ज निकाली.

कॅपिटॉल कॉम्प्लेक्समधल्या हायकोर्टातून मी तरंगतच बाहेर पडलो. वाटेत बर्फी घेतली, शेजारीपाजारी वाटली. बायकोने तुकडा हातात धरला, खाल्ला नाही.

"ते सगळं ठीक आहे," ती म्हणाली. तिचं माहेर नागपूरचं, विचारणं थेट. "पण खिडकी केव्हा उघडायची, ते सांगा न."

हातातली बर्फी मी परत डब्यात ठेवली. कर्मचाऱ्यांचे कूलर दुरुस्तीचे अर्ज येतात, त्यांच्यावर मी हेच लिहितो. योग्य ती कार्यवाही करावी. मग पावसाळा येतो, आणि कूलरची गरज उरत नाही. हे वाक्य कशासाठी असतं हे मला नाही तर कोणाला माहीत असणार! आणि नेमकं तेच मी स्वतःच्या बायकोच्या नावाने, वकिलाची फी भरून, कोर्टातून मंजूर करून आणलं होतं.

पुढच्या उन्हाळ्यात डोंगर पुन्हा धुमसला तेव्हा आम्ही वकीलबाईंकडे गेलो. या वेळी मला बोलायचं नाही अशी घरूनच ताकीद होती.

"पहले ये बताइए, तकलीफ किसको है?" वकीलबाईंनी विचारलं. "पिछली बार वही नहीं लिखा था."

"परिसर के निवासियों को," ताकीद विसरून मी म्हणालो.

"मुझे है," बायको म्हणाली. मग सावकाश, मधेमधे थांबत, तिने सांगितलं. सकाळी उठल्यावर आधी खिडकीच्या फटीत ओलं फडकं कोंबते, मग चहा ठेवते. आईला फोन करणं सोडलंय. एक वाक्य पुरं होईपर्यंत दम लागतो, आणि ते ऐकून आई तिकडे रडत बसते.

वकीलबाई लिहून घेत होत्या. इतके महिने मी समजत होतो, हिचं आईशी काहीतरी बिनसलंय.