लाल लोकरीची गाठ

लोकरकाकूंना कुणी खऱ्या नावाने हाक मारली असती तर त्यांनी वळूनसुद्धा पाहिलं नसतं, इतकं ते नाव मागे पडलं होतं. काकूंना विणकाम येत होतं, पण हे टोपणनाव काही स्वेटरमुळे चिकटलेलं नव्हतं. ते चिकटलं टीव्हीमागच्या वायरींमुळे.

त्याचं असं झालं. बारा वर्षांपूर्वी काकूंच्या यजमानांनी मोठ्या हौसेने होम थिएटर घरी आणलं. पाच लहान स्पीकर, एक मोठा ढब्बू, एक जडशीळ अॅम्प्लिफायर आणि पिशवीभर वायरी. सुट्टीची अख्खी सकाळ यजमान टीव्हीच्या मागे पालथे पडून होते. दुपारी त्यांनी माहितीपुस्तिका कोपऱ्यात भिरकावली आणि ते झोपायला निघून गेले. काकूंनी भांडी आवरली, ओट्यावरून फडकं फिरवलं, पुस्तिका उचलून पहिल्या पानापासून वाचली आणि विणकामाच्या टोपलीतून लोकरीचे तुकडे काढले. प्रत्येक वायरीच्या दोन्ही टोकांना एकाच रंगाचा तुकडा. चित्राची वायर निळी, आवाजाची हिरवी. स्पीकरच्या वायरीत दोन तारा असतात, त्यातल्या अधिकच्या तारेला लाल आणि उण्याच्या तारेला काळा. चार वाजता यजमान डोळे चोळत बाहेर आले, तेव्हा पडद्यावरचा घोडा त्यांच्या डाव्या कानामागून दौडत उजवीकडे गेला.

"कुणी येऊन गेलं का?" त्यांनी विचारलं.

"हो, मीच," काकू म्हणाल्या.

मग काय, इमारतीत कुणाचा टीव्ही मुका झाला की काकूंना बोलावणं यायचं. काकू यायच्या, गुडघे टेकून खोक्यांच्या मागे डोकावायच्या, आणि बहुतेक वेळा दोन मिनिटांत रोग सापडायचा. "अहो, दोन्हीकडे 'बाहेर' लिहिलेल्या भोकातच वायर खुपसलीत. दोन्ही घरची माणसं एकमेकांकडे जायला निघाली, तर दार उघडणार कोण? एकीकडून निघायचं, दुसरीकडे आत शिरायचं." जाताना प्रत्येक टोकाला लोकर बांधून जायच्या. पुन्हा कधी सुटलंच तर घरच्यांनाही लावता आलं पाहिजे, हा त्यांचा नेम.

तर त्या मंगळवारी दुपारी तिसऱ्या मजल्यावरचे बाइंडरकाका त्यांच्या दारात उभे राहिले. त्यांनी चाळीस वर्षं पुस्तकं बांधली होती. त्यांची बायको घरी गाणं शिकवायची, आणि सगळी इमारत तिला बाई म्हणायची.

"जरा वर येता का?" बाइंडरकाका म्हणाले. "बाईंनी पाटी लिहिलीय. एक तारखेपासून वर्ग बंद. पाच वाजता मुली आल्या की सांगून टाकणार म्हणतात."

"अहो, पण का?"

"कान गेले म्हणतात."

वर गेल्यावर बाईंनी काकूंना आपल्या खुर्चीत बसवलं आणि एक जुनं गाणं लावलं. गाण्यासाठी त्या पुढचे दोन उंच स्पीकरच वापरायच्या, आणि ते सहा वर्षांपूर्वी काकूंनीच जोडून दिले होते.

"ऐकू येतं गं," बाई म्हणाल्या. "पण गाणारी कुठे उभी आहे तेच कळत नाही. पूर्वी कशी या दोन खोक्यांच्या बरोब्बर मधे उभी असायची. महिनाभर झाला, भिंतभर पातळ पसरलीय. खालचे सूर तर कुठे गेलेच. दुकानाचा माणूस बघून गेला. म्हणाला, दोन्हीकडून आवाज येतोय, यंत्र ठणठणीत आहे, वयोमानाने होतं असं."

"वयोमान त्याला कुणी विचारलं होतं?"

"खोटं कशाला बोलू, माझ्या आईचे कान याच वयात गेले. मुलींचा सूर हलला आणि मला कळलाच नाही, तर मी कसली शिकवणार? त्यापेक्षा आपणहून उठावं."

काकूंना गाणं जरा पोकळ वाटलं खरं, पण आपल्या कानांना गाण्यातलं फारसं कळत नाही हे त्यांना ठाऊक होतं. जे कळत होतं त्याकडे त्या वळल्या. अॅम्प्लिफायरचा प्लगच भिंतीतून काढला आणि मागे डोकावल्या. लाल लोकरीची तार लाल भोकात, काळीची काळ्यात. डाव्या स्पीकरला तसंच, उजव्याला तसंच. चारही टोकं बिनचूक.

क्षणभर काकूंचा हात थांबला. जोडणीत चूक नाही, मग बाई म्हणतात तेच खरं असेल तर? पण बाईंनी कधी उगाच तक्रार केलेली काकूंना आठवत नव्हती. त्यांनी चष्मा पुसला आणि पुन्हा वाकून बघितलं. या वेळी त्यांनी भोकांकडे बघितलं नाही, लोकरीकडे बघितलं.

सहा वर्षं खोक्यामागे राहिलेली लोकर, आणि तिच्यावर धुळीचा कण नाही. लाल कशी लालबुंद. आणि गाठ? काकूंची गाठ विणकामाची, फुगीर, एक टोक लांब सोडलेली. ही चपटी होती, घट्ट आवळलेली, दोन्ही टोकं जवळून कापलेली. अशी गाठ पुस्तकाच्या शिवणीत असते.

"बाइंडरकाका," काकू खोक्यामागूनच म्हणाल्या, "ही लोकर कुणी धुतली?"

"मीच," बाइंडरकाका खुशीत म्हणाले. "गेल्या महिन्यात खोलीला रंग दिला ना, तेव्हा सगळं सोडवलं होतं. धुळीने लाल कुठली नि काळी कुठली समजेना. म्हटलं, लगे हाथ धुऊन घ्यावी. साबणात भिजवली, चिमटे लावून दोरीवर वाळत घातली. इस्त्री तेवढी राहिली."

"आणि परत बांधताना कुठली तार लाल, ते कसं ओळखलंत?"

"ओळखायचं काय त्यात? दोन्ही तारा सारख्याच तर आहेत."

बाईंनी नवऱ्याकडे बघितलं. बाइंडरकाकांनी खिडकीकडे बघितलं.

"ते भिंतीवरचं घड्याळ काढा आणि त्यातला सेल द्या मला," काकू म्हणाल्या.

घड्याळ चार वाजून दहा मिनिटांवर थांबलं, आणि बाइंडरकाकांनी ते तसंच परत भिंतीवर टांगलं. काकूंनी दोन्ही स्पीकरची जाळी काढली आणि बाई आणि बाइंडरकाकांना समोर उभं केलं. अॅम्प्लिफायरकडची टोकं सोडवून उजव्या स्पीकरच्या लाल तारेला त्यांनी सेलची टोपीवाली बाजू लावली, काळ्या तारेला सपाट. ठप असा आवाज झाला आणि स्पीकरचा काळा पडदा किंचित बाहेर आला. मग डाव्याला तसंच केलं. पुन्हा ठप. पण हा पडदा आत गेला.

"बघितलंत? एक श्वास सोडतोय तेव्हा दुसरा घेतोय. एकाने दिलेलं दुसरा खाऊन टाकतो. खालचे सूर जातील नाही तर काय?"

"म्हणजे मी डावीकडच्या एका टोकाला..." बाइंडरकाका पुटपुटले.

"लोकर मात्र फार छान धुतलीत," काकू म्हणाल्या.

डाव्या स्पीकरच्या मागे लाल आणि काळ्या लोकरीची त्यांनी अदलाबदल केली, आपली फुगीर गाठ मारली आणि लोकरीप्रमाणे तारा बसवल्या. सेल स्वयंपाकाच्या एप्रनच्या खिशात टाकला, सगळी टोकं जागच्या जागी लावली आणि मगच प्लग भिंतीत गेला. बाई खुर्चीत बसल्या, डोळे मिटले. तेच गाणं सुरू झालं. पहिली ओळ संपायच्या आत बाईंचं बोट वर उठलं आणि दोन खोक्यांच्या मधल्या मोकळ्या भिंतीवर स्थिरावलं.

"तिथे," त्या म्हणाल्या. "आणि साथीदार तिच्या थोडा डावीकडे बसलाय."

गाणं संपलं तेव्हा बाईंनी डोळे उघडले.

"म्हणजे माझे कान..."

"बाई, एक तार उलटी होती. दुकानाच्या माणसाला ती डोळ्यांनी दिसली नाही, मलाही पहिल्यांदा दिसली नाही. तुम्हाला खुर्चीत बसल्या बसल्या ऐकू आली. असे कान गेलेले असतील तर आमच्या कानांना काय म्हणायचं?"

बाईंनी मेजावरची पाटी उचलली, एकदा वाचली आणि नवऱ्याच्या हातात दिली. बाइंडरकाकांनी बोटांनी पुठ्ठा चाचपला. "चांगला जाड आहे," ते म्हणाले. "मागची बाजू कोरी आहे. काकू, यावर 'लोकर धुऊ नये' असं लिहून खोक्यामागे लावू का?"

"लावा. वाचायला तिथे तुमच्याशिवाय कोण येणार आहे?" बाई म्हणाल्या.

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. काकूंना फक्त चपला ऐकू आल्या. बाईंनी मान तिरकी केली.

"तिघी आहेत. मधली गुणगुणतेय आणि तिचा सूर खाली लागतोय," त्या म्हणाल्या. "दार उघडा. आधी तिलाच धरते."

घड्याळाचा सेल खिशातच राहिलाय, हे काकूंना दुसऱ्या दिवशी एप्रन धुवायला टाकताना कळलं. त्या तो द्यायला वर गेल्या, तेव्हा बाइंडरकाकांनी सांगितलं, की आदल्या दिवशी सहाला सुटणारा वर्ग साडेसातला सुटला. भिंतीवर चार वाजून दहा मिनिटं झालेली, आणि बाईंना वेळ सांगायची तिघींपैकी एकीचीही छाती झाली नाही.