हापशावरचा सातवा नंबर

दालित्सो काम्वेन्डोच्या टेबलावर अडतीस फॉर्म पडले होते आणि अडतीसही फॉर्मांवर तिने स्वतःच्या हाताने "चालू" असं लिहिलं होतं.

मलावीच्या राजधानीत, लिलाँग्वेच्या त्या देखरेख कचेरीत तिला लागून पाच महिने झाले होते. हुद्दा भारदस्त, कनिष्ठ कार्यक्रम विश्लेषक. तिची आई शेजारणींना सांगायची तेव्हा तो आणखी लांबायचा. काम मात्र एका वाक्यात मावेल एवढं. सरकार म्हणतं आम्ही अमुक केलं. आपण जाऊन बघायचं, केलं का. यावेळी सरकार म्हणत होतं की एका जिल्ह्यातल्या गावोगावच्या बोअरवर बसवलेले हापसे झकास चालताहेत. दालित्सोने तीन आठवडे जीपमध्ये हाडं खिळखिळी करून अडतीस हापसे पाहिले. फॉर्मवर प्रश्न एकच होता, पाणी येतं का, हो किंवा नाही. ज्याने कुणी तो फॉर्म तयार केला त्याने जन्मात डोक्यावर बादली घेतली नसणार, हे फॉर्मच ओरडून सांगत होता. पण नोकरीला लागल्यावर पाचव्या महिन्यात माणूस फॉर्मशी भांडत नाही.

आता अहवाल मंगळवारी खासदारांच्या समितीपुढे जायचा होता. त्यात अडतीस "चालू" गेले की त्या जिल्ह्याचं दुरुस्तीचं काम बंद, पाईप आणि मिस्त्री दुसऱ्या जिल्ह्यात. तसं पत्र तयारच होतं, नुसती अहवालाची वाट.

शुक्रवारी दुपारी ती फॉर्मांना फोटो जोडत बसली होती. फॉर्मच्या तळाला शेऱ्याची जागा होती आणि तिथे तिने हौसेने लिहिलं होतं, "पहिल्याच दाबाला पाणी." पुढच्या फॉर्मवरही तेच. त्याच्या पुढच्याही. एकविसाव्या फॉर्मवर तिचा हात थांबला. घरचा नळसुद्धा सकाळी आधी दोनदा खोकतो, मग पाणी देतो. आणि हे अडतीस हापसे, काही आठ वर्षांचे, काही बारा वर्षांचे, ऑक्टोबरच्या रणरणत्या उन्हात, आणि एकालाही घसा खाकरावा लागला नाही?

ती विभागप्रमुखांच्या टेबलाशी गेली. चिसालेसाहेब, कचेरीत सगळ्यांचे 'बाम्बो', चष्मा कपाळावर ठेवून मंदासी, म्हणजे तळलेले गोड वडे, खात होते.

"बाम्बो, एक विचारू?"

"विचार. पण पाच वाजायच्या आत संपेल असं विचार."

"अडतीस हापसे, आणि सगळ्यांना पहिल्या दाबाला पाणी. असं होतं का?"

"होतं. हापसे चांगले असले की होतं."

"इतके चांगले?"

चिसालेंनी बोटं पुसली. "अचेमवाली, अगं बहिणी, हापसा बिघडला म्हणून रडत येणारी माणसं मी तीस वर्षं बघतोय. चालतो म्हणून रडणारी तू पहिलीच."

दारात उभा असलेला जोसामू ड्रायव्हर खो खो हसला. दालित्सोचे कान तापले, पण ती हलली नाही.

"एकाच गावात परत जाऊन येते. गाडी द्या."

"गाडी हवी तर आधी गावप्रमुखाला पत्र. आपण काय चोर आहोत न सांगता कुणाच्या अंगणात शिरायला? पत्र पोचायला आठवडा. अहवाल मंगळवारी. सांग, कसं बसवतेस?" मग आवाज जरा खाली आणून ते म्हणाले, "आणि तुझं कायम होण्याचं पत्र याच ट्रेमध्ये आहे, अहवालाच्या खाली. उगीच ढवळाढवळ करू नकोस."

ती जागेवर येऊन बसली. डोक्यात मात्र चिसालेंचं एक वाक्य घुमत राहिलं. न सांगता कुणाच्या अंगणात शिरायचं नाही. खरंच की. अडतीस गावांपैकी एकाही गावात ती न सांगता गेली नव्हती. प्रत्येक ठिकाणी तिच्या आधी पत्र पोचलेलं होतं.

शनिवारी तिने मिनीबस धरली. आईला सांगितलं, मैत्रिणीचं लग्न आहे. रस्त्यावरच्या बाजारगावात एका लॉजमध्ये रात्र काढली आणि पहाटे साडेचारला काबाझावाल्याच्या, म्हणजे भाड्याने माणसं नेणाऱ्याच्या, सायकलवर मागे बसून चिम्बुनाला निघाली. हे यादीतलं पहिलं गाव. इथेच तिने आयुष्यातला पहिला सरकारी फॉर्म भरला होता. तो दिवस तिला चांगला आठवत होता. बायका ओळीने उभ्या होत्या, ती येताच गुडघे टेकून त्यांनी नमस्कार केला, टाळ्या वाजवल्या आणि दांडा तिच्याच हातात दिला. तिने एकदा दाबला नाही तोच धो धो पाणी. सगळ्या हसल्या होत्या. तीही.

गाव दिसायच्या आधी आवाज आला. लोखंडावर लोखंड, खट्ट, खट्ट, खट्ट. पाण्याचा नाही, कोरडा.

"लोहार आहे का कुणी गावात?" काबाझावाल्याला तिने विचारलं.

"नाही, हापसा आहे. रोजचंच." त्याने मागे न बघता सांगितलं.

झाडापाशी उतरून ती पायी गेली. उजाडत होतं. हापशाच्या चौथऱ्याभोवती पंचवीस-तीस बादल्या रांगेत होत्या आणि एक दणकट बाई दांड्यावर सगळं अंग टाकून दाबत होती. बाकीच्या मोजत होत्या, जांभया देत, मधूनच एकमेकींना टोमणे मारत.

"छत्तीस, सदतीस… ए लोनेसी, हापसतेयस का झोके घेतेयस?"

"तू ये ना मग. जिभेला जेवढं काम देतेस तेवढं दंडांना दे."

पन्नास झाले. लोनेसी बाजूला झाली आणि तिच्या जागी दुसरी आली, आकडा एकपासून सुरू. तिचे पन्नास. मग तिसरी. तोटीतून थेंब नव्हता. दालित्सो झाडाला टेकून उभी होती. पायात गोळा आला तरी तिला हलायचं भान नव्हतं. चौथी. पाचवी, जिच्या पाठीला बांधलेलं बाळ प्रत्येक दाबाला मान डोलवत झोपलं होतं. सहावी. दालित्सोने बोटं मोजली, दोनदा मोजली. तीनशे. तोटी कोरडी.

मग रांगेतून एक पोटुशी पोरगी पुढे झाली, दिवस भरत आलेली. सगळ्या सरकल्या. तिने हळूहळू दांडा दाबायला घेतला आणि आता कुणी टोमणा मारेना. सात, आठ. जमिनीच्या पोटात कुठेतरी गुरगुरलं. दहा, अकरा. बाराव्या दाबाला पाणी आलं, आधी तांबूस, मग निवळ, आणि पोरीची बादली भरेपर्यंत कुणी आपली बादली पुढे केली नाही.

या रांगेत शिट्टी मारायला कुणी हवालदार नव्हता, नियमाचा फलक नव्हता, समितीचा ठराव नव्हता. सहा बायका पन्नास-पन्नास दाब द्यायच्या आणि पाण्याचा एक थेंब न बघता बाजूला व्हायच्या, का तर सातव्या नंबरला जी येईल तिला बारा दाबांत पाणी मिळावं. तो नंबर गावातल्या सगळ्यात अशक्त बाईचा, हे तिला मागाहून बायकांनीच सांगितलं. कधी पोटुशी, कधी तापातून उठलेली, कधी म्हातारी. देखरेख म्हणतात ती ही. पगार न घेता, रोज, पहाटे.

"कोण आहे तिकडे झाडाशी?"

ती हापशाची राखण करणारी म्हातारी एलुबे होती. गावातले सगळे तिला अगोगो, म्हणजे आजीच म्हणतात. जवळ येऊन तिने डोळे बारीक केले आणि तिचा चेहरा पडला.

"अगं बाई, ही तर कचेरीतली. पत्र कुठेय?"

दालित्सोने गुडघे टेकले. "पत्र नाही, अगोगो. न सांगता आले. चुकलं माझं."

"चुकलंच. पाहुणीने असं यायचं असतं?" म्हातारीने मागे वळून बायकांकडे पाहिलं, मग बराच वेळ दालित्सोकडे. मग तिच्या तोंडावर हळूच हसू आलं. "पण पत्र नाही म्हणजे तू पाहुणी नाहीस. मग तुझ्यापासून लपवायचं काय? ऊठ, कपडे मळतील."

"त्या दिवशी पहिल्या दाबाला पाणी आलं होतं."

"येणारच. तू दहाला येणार म्हणून पत्रात होतं. आम्ही सातला सुरू केलं. पाईप खाली कुठेतरी फुटलाय, हात थांबला की अर्ध्या तासात पाणी परत पाताळात. म्हणून तुझ्या गाडीची धूळ दिसेपर्यंत हात थांबवला नाही. घरी आलेल्या माणसाला कोरडी तोटी दाखवायची? आम्हाला तोंड आहे का नाही?"

"पण अगोगो, मी कागदावर चालू लिहिलं. आता दुरुस्तीचा मिस्त्री येणारच नाही."

लोनेसी मध्येच म्हणाली, "तू विचारलंस पाणी येतं का. येतं ना? आम्ही खोटं कुठे बोललो?"

"किती हातांनी येतं, ते कुठे विचारलंस?" एलुबे म्हणाली. त्यात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं.

"बाकीच्या गावांतही असंच?"

"मला काय ठाऊक? मी कुणाला सांगायला गेले नव्हते." म्हातारीने खांदे उडवले. "पण पाहुणा तिकडेही पाहुणाच असेल."

दालित्सो चौथऱ्यावर बसली. अडतीस गावं. कुणी कुणाला निरोप धाडला नाही, कुणी शिकवलं नाही, आणि अडतीस ठिकाणी बायका भल्या सकाळी उठून तासन् तास पाताळातून पाणी वर धरून उभ्या राहिल्या, तिच्यासाठी. तेही ती खुर्चीवर बसून त्यांचा मिस्त्री काढून घेणार होती तेव्हा. एवढा मोठा पाहुणचार आपण फुकट घेतला आणि वर त्याच्यावर "चालू" असा शिक्का मारला. तिला रडू येईना, हसू येईना. तिने नुसतं त्या दांड्याकडे पाहिलं. जिथे हात पडतात तिथे लोखंड झिजून आरशासारखं झालं होतं.

"अगोगो, मला खरा आकडा लिहू द्याल?"

"गावाची अब्रू जाईल."

"गावाची नाही. पाईपाची."

म्हातारीने दांडा थोपटला. मग म्हणाली, "आधी आमचे पन्नास देऊन बघ. मग लिही."

पाणी खाली जाऊ दिलं. दालित्सोने दांडा धरला. एकोणतीसला तिचे दंड पेटले, चाळीसला डोळ्यांपुढे काजवे. बायका मोजत होत्या आणि आता टोमणे तिच्या वाट्याला होते. "कचेरीत काय पेन्सिली हापसतेस का गं?" पन्नास झाले तेव्हा तळहाताला दोन फोड होते आणि तोटी कोरडीच होती. एलुबेने तिच्या हातात मक्याच्या आंबवलेल्या थोब्वाचा पेला दिला. "लिही आता. पण आकडा अंगाला झोंबेल असा लिही."

सोमवारी सकाळी ती चिसालेंच्या टेबलापुढे उभी राहिली. पहिल्या फॉर्मवरच्या "चालू"वर तिने आडवी रेघ मारली होती, खाली स्वतःची सही केली होती आणि पेनाने नवा प्रश्न लिहिला होता, "हापसा थांबलेला असताना पाणी यायला किती दाब लागतात?" पुढे आकडा, तीनशे बारा.

चिसालेंनी वाचलं. चष्मा कपाळावरून नाकावर आणला आणि परत वाचलं.

"प्रोबेशनवरची मुलगी आपलीच तपासणी खोटी ठरवतेय. तेही पत्राशिवाय जाऊन. समितीला काय सांगू मी?"

"तपासणी माझी होती, बाम्बो. खाली नाव माझं घातलंय."

"तीनशे बारा. मोठा दिसतोय आकडा, पण आहे काय शेवटी, आकडाच."

"टेबलावर तेवढ्या वेळा ठोकून बघा," दालित्सो म्हणाली. आपल्या धैर्याचं तिचं तिलाच नवल वाटलं.

चिसालेंनी तिच्याकडे रोखून पाहिलं. मग पेन्सिल उचलली आणि खरंच ठोकायला लागले. टक, टक, टक. वीसला जोसामू दारातून आत आला. तीसला टायपिंग थांबलं. पन्नासला दालित्सो म्हणाली, "इथे पहिली बाई बाजूला होते. पाणी न बघता."

पेन्सिल हवेतच राहिली.

"अशा किती?"

"सहा. आणि मग बारा दाब, त्या दिवशी जिच्या अंगात सगळ्यात कमी बळ असेल तिचे."

चिसालेंनी पेन्सिल खाली ठेवली, दालित्सोच्या हातावरच्या फोडांकडे पाहिलं, मग ट्रे ओढून सगळ्यात वरचा अहवाल काढला आणि टेबलाच्या खणात ठेवला. खालचं पत्र ट्रेमध्येच राहिलं. त्याला त्यांनी हात लावला नाही.

"समितीला फोन करतो. तीन आठवडे लागतील म्हणतो," ते म्हणाले. "जोसामू, गाडीत तेल भर. आणि या वेळी पत्रबित्र काही नाही." मग त्यांनी दालित्सोला विचारलं, "तू पहिल्यांदा गेलीस तेव्हा तुला कितव्या नंबरला उभं केलं होतं?"

"सातव्या, बाम्बो."

ती टेबलाशी आली. उरलेल्या सदतीस फॉर्मांवर तिने एकेक करून "चालू"वर रेघ मारली, नवा प्रश्न लिहिला आणि उत्तराची जागा कोरी ठेवली. फोड दुखत होते, म्हणून पेन हळू चालत होतं.