इकडचा आवाज तिकडे

आमची माय कधी गप्प बसल्याचं मला आठवत नाही. ती भाकरी थापताना बोलायची, कापूस वेचताना बोलायची आणि समोर कोणी नसलं तर बैलाला सुनवायची. अल्लीपूरच्या आमच्या गल्लीत तिच्या तोंडी लागायची कोणाची छाती नव्हती, माझी तर नव्हतीच. तिला लकवा मारला तेव्हा उजवा हात गेला, पाय ओढायला लागला आणि जीभ जड झाली. हातापायाचं तिला दुःख झालं. जिभेचा मात्र रागच आला.

सावंगीला एक मॅडम आहेत. अशा पेशंटना पुन्हा बोलायला शिकवतात, स्वतःचा छोटासा दवाखाना आहे. मायला गाडी करून तिथं नेलं. त्यांनी तपासून सांगितलं की शब्द डोक्यात जागच्या जागी आहेत, फक्त जिभेनं आणि ओठांनी मेहनत करायची आहे. एवढ्या लांब तिला दर वेळी नेणं काही जमणार नव्हतं. म्हणून आठवड्यातून एकदा, सकाळच्या वेळी, घरूनच इंटरनेटवर कॉल लावायचं ठरलं. वहिनी मोबाईल धरून मायसमोर बसायची. पहिल्या एक-दोन वेळा चित्र अडकत होतं, तेव्हा मॅडम म्हणाल्या, चित्र राहू द्या, आवाज पुरे.

मी हिंगणघाटला एका सूतगिरणीत नेटवर्क सांभाळते. ऑफिसचे फोन, हिशेबाचे कॉम्प्युटर, गेटवरचे कॅमेरे, सगळं एकाच तारेवरून जातं, आणि त्या गर्दीला रांग लावणं हे माझं काम. फाईल जरा उशिरा पोचली तर कोणाचं काही अडत नाही. बोलण्याचा तुकडा उशिरा पोचला तर तो फेकूनच द्यावा लागतो, कारण ऐकणारा पुढं गेलेला असतो. म्हणून बोलणं आधी सोडायचं आणि बाकीच्यांना थोडं थांबवायचं. घरी हे समजावून सांगायचा नाद मी केव्हाच सोडला. आमच्या दादाच्या हिशेबी मी ‘वायफाय दुरुस्त’ करते.

मी रोज संध्याकाळी त्याच मोबाईलवर इंटरनेटवरून कॉल करायची तेव्हा माय बोलायची. अडखळत, ओढून ताणून, पण बोलायची. ‘पाणी’ म्हणायची, ‘चहा’ म्हणायची, माझ्या नवऱ्याची चौकशी करायची आणि त्याच दमात त्याला नावंही ठेवायची. मला वाटायचं, मी तिची पोर, मला कळणारच. मॅडमना मात्र कळत नव्हतं. वहिनी सांगायची, “मॅडम लय चांगल्या हाये ताई. पण मायले एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणायले लावते. माय म्हणते, तरी त्याइले पटत नाई.”

“लाईन बरोबर आहे ना?” मी विचारलं होतं.

“एकदम साफ! मॅडमचा आवाज तं बाजूले बसल्यावानी येऊन राह्यला.”

आवाज साफ येतो म्हटल्यावर विषयच मिटला. सगळ्यांनी मान्य करून टाकलं की कमी मायमध्येच आहे. वाईट म्हणजे मायनंही ते मान्य केलं. आधी मॅडमच्या कॉलला ती मान फिरवायला लागली. मग संध्याकाळी माझ्याशीही नुसती ‘हं’ करायला लागली, आणि एक दिवस मोबाईल वहिनीकडे ढकलून दिला. ज्या बाईनं उभी गल्ली तोंडावर चालवली ती आता पाणी हवं असलं की खाटेवर बोटं आपटायची. दादा म्हणाला, “थकली आता ते.” मला त्याचा इतका राग आला की मी फोन ठेवून दिला. राग दादावर कमी आणि त्याचं खरं असेल या भीतीवर जास्त होता.

मग मॅडमचा निरोप आला. बोलण्यात सुधारणा दिसत नाही, आता चित्रांचा तक्ता देऊ. पाण्याचा ग्लास, ताट, औषधाची बाटली अशी चित्रं, मायनं बोट ठेवायचं. तो कसा वापरायचा हे समजून घ्यायला घरातल्या कोणीतरी यावं. मी रजा टाकली आणि सावंगीला गेले. जाताना बसमध्ये त्या तक्त्यात शिवी कुठं असेल असा विचार मनात आला, हसू आलं, आणि मग डोळे पुसावे लागले.

कॉलची वेळ झालीच होती. मॅडम म्हणाल्या, तुम्ही आलाच आहात तर आजचं बघा. मी त्यांच्या बाजूला बसले. पलीकडून वहिनीचा आवाज आला तो असा: “हा... म... आय... सली.”

मी दचकले. वहिनी म्हणजे खणखणीत घशाची बाई, आवारातून हाक मारली तर पाणंदीपर्यंत जाते. “हिचा आवाज नेहमी असाच येतो?”

“त्या फार भरभर बोलतात,” मॅडम समजुतीनं म्हणाल्या. मग हळू, गोड आवाजात त्यांनी मायला ‘पाणी’ म्हणायला सांगितलं. बराच वेळ काही नाही. मग “प...” आणि थोड्या वेळानं “...ई.” मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना खरंच वाईट वाटलेलं दिसत होतं.

मी माझ्या मोबाईलवरून वहिनीच्या दुसऱ्या, साध्या फोनवर कॉल लावला. “माय आत्ता काय म्हणाली?”

“पाणी म्हणाली न वं! साफ म्हणाली. मॅडमले कळत काऊन नाई?”

मी मॅडमना सांगितलं. त्यांना आधी उमगलं नाही. तिकडे जाणारा आणि तिकडून येणारा रस्ता वेगवेगळा असतो, एक मोकळा असून दुसरा तुंबलेला असू शकतो, हे मी टेबलावर बोटानं रेघा ओढून दाखवलं. ते कळलं तसा त्यांचा चेहरा उतरला. “म्हणजे त्या नीट म्हणत होत्या, आणि मी त्यांना पुन्हा म्हणा, पुन्हा म्हणा करत होते?” त्यांनी तक्ता उचलून कपाटात ठेवून दिला. त्या बाईंबद्दल माझ्या मनात थोडाफार राग असेल तर तो तिथंच गेला.

तिथून मी सरळ अल्लीपूर गाठलं. कारण घरासमोरच्या आवारातच होतं. दादा तिथं कापूस खरेदी करतो. मागच्या हंगामात गंजीतला कापूस चोरीला गेला, म्हणून या वर्षी त्यानं चारी बाजूंनी कॅमेरे लावले. समोर काही हललं की ते घरच्याच लाईनवरून चित्रण बाहेर पाठवायला लागतात आणि जाणारा रस्ता तुंबतो. सकाळी गाड्या लागतात, मापारी, हमाल, शेतकरी यांची वर्दळ सुरू होते, आणि नेमकी तीच मायच्या कॉलची वेळ. संध्याकाळी आवार रिकामं, म्हणून माझ्याशी बोलताना लाईनही रिकामी.

दादाला हे सांगितलं तर तो खालीच बसला. “म्हणजे माया कॅमेऱ्यानं मायचं बोलणं खाल्लं? बंदच करून टाकतो सारे.”

“बंद काऊन करतं? तुया कापूस कोण पाहीन? त्याइले रांगेत लावतो मी.”

राऊटरमध्ये मी बोलण्याला पहिला मान दिला आणि कॅमेऱ्यांना मागं ठेवलं. काही फरक पडला नाही. इंटरनेट कंपनीनं सांगितलेली लाईनची ताकद मी खरी धरली होती, आणि प्रत्यक्षात ती तेवढी भरत नव्हती. त्यामुळं गर्दी आमच्या राऊटरमध्ये न होता पुढं त्यांच्याकडे होत होती, आणि तिथं माझी रांग कोण विचारतो? जिनिंग कारखान्याच्या गेटवर आपला माणूस उभा असेल तरच तो जेवणाच्या डबेवाल्या सायकलला गाड्यांच्या बाजूनं आत सोडतो. गर्दी चौकातच अडली तर त्या माणसाचा काय उपयोग? मी राऊटरमधला ताकदीचा आकडा खाली आणला, आणखी खाली आणला, तेव्हा कुठं गर्दी आमच्या दारात आली.

तपासायचं तर कॅमेरे चालू हवेत, आणि तोवर गाड्या जाऊन आवार शांत झालं होतं. मग आमचा दादा, गावात ज्याला लोक वचकून असतात तो, पायजमा खोचून एकेका कॅमेऱ्यासमोर हात हलवत नाचला. घरी निघालेले हमाल पोट धरून हसले. मी मॅडमना कॉल लावला, वहिनीनं तिच्या नेहमीच्या सुसाट वेगात गावातल्या साऱ्या बायकांची नावं घेतली, आणि मॅडमनी ती एकूण एक परत म्हणून दाखवली.

आता राहिली माय. ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. हे सगळं तिनं ऐकलं होतं की नाही, कोण जाणे. मी मोबाईल तिच्या उशाशी ठेवला आणि म्हटलं, “मॅडमले काही सांगायचं हाय तुले. तू नको बोलू.”

“मावशी,” मॅडम म्हणाल्या, “तुमचं काहीच चुकत नव्हतं. लाईन खराब होती. तुमचे शब्द माझ्यापर्यंत अर्धे येत होते आणि मी तुम्हालाच परत परत म्हणायला लावलं. माफ करा मला.”

दादा दारात उभा होता, घामानं भिजलेला. वहिनीनं पदर तोंडाला लावला होता. मग माय कुशीवर वळली. तिनं आधी मोबाईलकडे पाहिलं, मग दादाकडे, वहिनीकडे आणि माझ्याकडे, एकेकाकडे थांबून. ओठ जुळवायला तिला फार वेळ लागला.

“मी,” ती म्हणाली. “बोलत... होती.”

पलीकडून काहीच आलं नाही. माझी नजर सवयीनं राऊटरकडे गेली. दिवे ठीक होते, लाईन चालू होती. खूप वेळानं मॅडमचा आवाज आला, भरलेला, पण अख्खा.

“हो मावशी. तुम्ही बोलत होतात.”