कुंकवाची जागा

आमच्या मागच्या पडवीत एक जुनं लेथ मशीन आलं आहे. घरी लाटणी आणि भोवरे करायचे म्हणून यांनी ते भंगारातून उचललं. दुपारभर हे रॉकेलने गंज घासत बसतात आणि मी भाजी निवडता निवडता बघत राहते. तपकिरी पापुद्रे गळतात आणि पहाटे खिडकी उजळत जावी तसं खालचं लोखंड उजळत जातं.

मागच्या आठवड्यात मशीनच्या माथ्यावर यांचा हात थांबला. तिथे तेलात मुरलेली, लाल, जाडसर खपली होती.

"जुना रंग असेल, काढून टाका," मी म्हटलं.

यांनी ती नखाने जराशी खरवडली आणि बोट माझ्यापुढे धरलं. "कुंकू आहे गं. खंडेनवमीचं."

मग मला तो न पाहिलेला कारखाना दिसू लागला. पट्टे थांबलेले, झेंडूचा वास, आणि दरवर्षी त्याच जागी टेकणारं कुणाचं तरी बोट. ते बोट आता कुठे असेल, कुणास ठाऊक. यंत्र विकलं गेलं, उघड्यावर पडलं, सगळीकडून गंजलं. नमस्कार तेवढा राहिला.

यांनी बाकीचं मशीन लख्ख केलं आणि रुपयाएवढी ती जागा तशीच ठेवली.

आज खंडेनवमी. करंडा घेऊन मी पडवीत गेले. कुंकू कुठे लावायचं, हे मला कुणाला विचारावं लागलं नाही.