लोणीच्या शिवारातला खोकला

बातमीदारीत छापून आलेलं रद्दीत जातं आणि न छापलेलं डोक्यात साचत राहतं. माझ्या डोक्यात सध्या मेंढ्या आहेत. मित्र हसतात. हसू देत.

*

लोणी काळभोरला ऊस तुटलेल्या रानात ठकूबाईने कळपासह तळ ठोकला होता. खतासाठी शेतमालक असे कळप रानात बसवून घेतात. तिची कोकरं खोकत होती, नाकं गळत होती. दोन मेलेली. "औंदा एवढीच कोकरं हायती," ती म्हणाली. "ही गेली तर फुडं कळप कशाचा?"

मी तडक पुण्यात, पशुसंवर्धन खात्याच्या कचेरीत गेलो. साहेब म्हणाले, "आपल्या भागात मेंढ्यांना श्वसनाचा विषाणू नाही."

"तपासणी केलीत?"

"नाहीच आहे, तर तपासायचं काय?"

*

आमच्या पेपरचा डेस्कही काही कमी नाही. हा रोग माणसाला होतो का, एवढंच विचारलं. नाही म्हटल्यावर बातमी पहिल्या पानावरून आत गेली, आतून कोपऱ्यात. फोटो मात्र झकास: हिरवं कुरण, मागे बर्फ आणि पांढरीशुभ्र गुबगुबीत विलायती मेंढी!

अंक ठकूबाईला दाखवला. तिने बराच वेळ निरखला.

"ही तर धडधाकट हाय. हिला कशाला छापलं?"

*

त्या कोपऱ्यातल्या बातमीने एक काम केलं. कात्रजहून डॉ. रूपाली स्कूटरवर आली. ही तरुण पशुवैद्य. किती कळपांत लागण आहे आणि ती कशाने वाढते, हाच तिच्या संशोधनाचा विषय. लांबची चाल, दाटी आणि कळपात कळप मिसळणं, यातला शेवटचा धोका तिला सगळ्यात मोठा वाटत होता.

आणि इथे शेतमालकाला जास्त खतासाठी आणखी एक कळप हवा होता! ठकूबाईचा दीर म्हाळू आपला कळप घेऊन हडपसरकडून निघालाही होता. शेवटी असं ठरलं, की मेंढ्यांच्या तपासणीचा रिपोर्ट चांगला आला तरच दोन्ही कळप एका रानात बसवायचे.

ठकूबाईने एकेक मेंढी स्वतः धरून आणली. रूपालीने नाकातले नमुने घेतले. रिपोर्ट आला, एकाही नमुन्यात विषाणू नाही.

साहेबांचा मला आवर्जून फोन. "आता छापा की."

*

रिपोर्ट सांगायला आम्ही दोघं रानात गेलो, तर जाळीच्या कुंपणामागून खोकला ऐकू येत होता. एकीचा नव्हे, कितीतरी मेंढ्यांचा. रूपाली थबकली.

"मावशी, त्या दिवशी तपासायला कुठल्या मेंढ्या आणल्या होत्या?"

"चांगल्या चांगल्या. पाव्हण्याम्होरं आजारी जनावर उभं करत्यात व्हय?"

रूपाली कालव्यापलीकडे उठलेल्या धुळीकडे बघत होती. म्हाळू पोचला होता.

*

तो रिपोर्ट नुसत्या धडधाकट मेंढ्यांचा होता, तुझ्या मेंढ्यांचा खोकला त्याच्या मेंढ्यांना लागेल, एवढंच रूपालीने ठकूबाईला सांगितलं. बाई पळत सुटली. म्हाळूच्या पुढच्या मेंढ्या कालव्याच्या पुलावर चढल्या होत्या. मागून शेतमालक ओरडत होता, रिपोर्ट चांगला आलाय, ठरलेलं मोडू नका म्हणून. ठकूबाईने पुलाच्या तोंडाशी काठी आडवी धरली. मेंढ्या एकमेकींवर रेटत थांबल्या. एक जरी निसटली असती, तरी बाकीच्या तिच्यामागे गेल्या असत्या.

म्हाळूचा चेहरा पडला. "वहिनी, माझी मेंढरं परकी झाली का?"

"परकी असती तर येऊ दिली असती."

त्याचा कळप कालव्यापलीकडेच बसला.

*

मग रूपालीने खोकणाऱ्या मेंढ्यांचे नमुने घेतले. विषाणू सापडला. आजारी कोकरं वेगळी बांधली, औषधपाणी सुरू झालं. मी पुन्हा लिहिलं, या वेळी नावं घेऊन. तेव्हा कुठे साहेब जीपमधून शिवारात उगवले. इस्त्रीची पँट, सोबत फोटोग्राफर.

"हं बाई, दाखवा तुमची मेंढरं."

ठकूबाई जाळीमागे गेली. नाक गळणारी, धापा टाकणारी एकेक मेंढी आणून तिने नेमकी साहेबांच्या पुढ्यात उभी केली. पहिलीच शिंकली. साहेब दोन पावलं मागे सरले, तशी बाईने दुसरी आणखी जवळ आणली.

मी हळूच म्हटलं, "ठकूबाई, पाहुण्यांसमोर आजारी जनावर?"

तिने साहेबांना आपादमस्तक न्याहाळलं.

"ह्यो कुठं पाव्हणा हाय?"