सगळं दादांचंच

जळोचीच्या टोकाला बुद्धघोषचं गुऱ्हाळ आहे. वीस हंगाम तो उसाचा रस उकळायच्या चुलाणापुढं उभा राहिला, कढईवरची मळी काढली, चहात टाकायच्या चौकोनी वड्या पाडायला शिकला, आणि पाटीवर नाव कुणाचं? ‘भानुदास आणि बंधू’! भानुदास म्हणजे थोरला भाऊ, सोमेश्वरनगरला नोकरी करून निवृत्त झालेला. कागदोपत्री दोघं भागीदार खरे, पण धुराशी दादाचा संबंध एवढाच, की हंगामातली पहिली ढेप त्याच्या घरी जायची.

बुद्धघोषला यात काही वावगं वाटायचं नाही. गिऱ्हाइकानं विचारलं, “मालक कोण?” की हा म्हणणार, “सगळं दादांचंच हाय. आमी आपलं राबतो.” दादा तिथं असला की लगेच हात हलवून म्हणणार, “छे हो! मी नुसता नावाला. करतो सगळं हाच.” त्यांच्या मूळ गावच्या, कळसच्या, घरची रीतच तशी. धाकट्यानं मान द्यायचा, थोरल्यानं तो परत करायचा. आणि खरं सांगायचं तर इतक्या वर्षांत दादा एकदाही चुकला नव्हता.

पुण्याच्या एका प्रदर्शनात मॉरिशसचा एक व्यापारी भेटला. पूर्वज इकडचे, मराठी मोडकंतोडकं. वडी तोंडात टाकून म्हणाला, आमच्याकडं ऊस रग्गड, हॉटेलं रग्गड, पण असा गूळ कुणी करत नाही. या की तिकडं! झालं! त्या दिवसापासून बुद्धघोषला दुसरं काही सुचेना. पन्नाशीला टेकलेला माणूस, पण बायकोला, प्रियदर्शनीला, रोज जेवताना सांगायचा की तिकडं चुलाणाचं तोंड कुठल्या बाजूला ठेवायचं, कारण वारा समुद्रावरून येणार. ती हसायची, पण तिनंही मनात बॅगा भरल्या होत्या.

एजंटानं समजावलं, की गुंतवणूकदाराचा व्हिसा एकालाच मिळेल, आणि तोही धंदा जो खरोखर चालवतो त्याला. तिकडची कचेरी व्हिडिओवर मुलाखत घेईल. अर्ज बुद्धघोषच्या नावानं गेला. मुलाखतीला दादा भागीदार म्हणून शेजारी बसणार होता, इंग्रजी अडलंच तर आधाराला.

“तितं लाजू नका,” प्रियदर्शनीनं बजावलं. “माझं हाय म्हणा.”

“म्हणतो की,” तो म्हणाला.

पडद्यावरच्या बाई हसतमुख होत्या. त्यांनी सोप्या इंग्रजीत विचारलं, हा धंदा कुणाचा? निर्णय कोण घेतं? प्रश्न त्याला नीट कळला. पण थोरला भाऊ मांडीला मांडी लावून बसलेला असताना ‘माझा’ कुठल्या तोंडानं म्हणायचं? जीभ आपसूक जुन्या वाटेला लागली. “सगळं दादांचंच,” तो म्हणाला. “मी राबतो.” एवढं इंग्रजी त्याला येत होतं. मग तो थांबला, दादाच्या ‘छे हो’ची वाट बघत.

दादानं शर्टाची कॉलर नीट केली. “येस मॅडम,” म्हणाला. “मालक मीच.”

आता काय म्हणावं या माणसाला! बाई म्हणाल्या, मग अर्ज तुमच्याच नावानं यायला हवा. तसा तो गेला, आणि मंजूरही झाला.

“दादा, आसं का केलं तुमी?” बुद्धघोषनं विचारलं.

“अरं, तूच म्हणालास की! बाईंसमोर तुला खोटं पाडू व्हय? जम बसला की बोलावतो तुला. कामाला माणूस लागंलच.”

कामाला माणूस! प्रियदर्शनीनं ऐकलं आणि हातातलं पातेलं आपटलं. “केसानं गळा कापला तुमचा, आन तुमी अजून दादा-दादा करताय!”

निघायच्या आधी कळसला विहारासमोर सत्कार झाला. गाव जमलं, हार पडले. दादा बोलायला उभा राहिला आणि गळा दाटून आल्यागत म्हणाला, “छे हो, मी कोण? हे सगळं माझ्या धाकट्या भावाचं. मी नुसता नावाला.”

व्हिसा खिशात पडल्यावर बरं आठवलं! टाळ्या पडल्या. माणसं कौतुकानं बुद्धघोषकडं वळली. आता त्यानं उठावं आणि म्हणावं, सगळं दादांचंच. तो उठला. 

“व्हय,” तो म्हणाला. “माझंच व्हतं.”

टाळ्या थांबल्या. दादा तेवढा समजूतदारपणे हसला. “रागावलाय. धाकटा हाय, चालायचंच.” लोकांनी माना डोलावल्या, काहीजण बुद्धघोषकडं तिरप्या नजरेनं बघू लागले. त्यांची आई, केसरबाई, पुढच्याच खुर्चीवर होती. तिनं त्याची बाही ओढली.

“थोरल्याला आसं बोलत्यात व्हय रं? त्यो एवढं सगळं तुला देतोय, आन तू? पड पाया त्याच्या.”

दादानं एक पाय पुढं केला होता. बुद्धघोषनं आईचा हात हळूच बाहीवरून काढला आणि मंडपाबाहेर निघाला. मागं प्रियदर्शनी तेवढी उठली.