निरवांगीचा राजा आणि भर सभेतला माझा विनोद

बारामती-इंदापूरकडे जरूर जा, पण जाताना जीभ ताब्यात ठेवा. मी ठेवली नव्हती, आणि त्याबद्दलचा माझा स्वतःवरचा राग अजून गेलेला नाही. नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी पुण्यात प्राणिशास्त्र शिकवायचे. बारामतीच्या एका कॉलेजानं पांडावर स्लाइड दाखवून बोलायला बोलावलं आणि मी पटकन हो म्हटलं, कारण दोन दिवस स्वयंपाकातून सुटका!

स्वारगेटहून सकाळची एसटी धरली. सासवड, जेजुरी, मोरगाव करत तीन तास लागतात. जागा उजवीकडची घ्या, डावीकडे ऊन भाजून काढतं. मी डावीकडे होते, मांडीवर प्रोजेक्टर. मोरगावला भजी खाल्ली, तेलकट होती पण गरम होती.

व्याख्यान रंगलं. पांडाची मादी वर्षातून दोन-तीन दिवसच माजावर येते, हे सांगितलं. लहानपणापासून एकट्यानं पिंजऱ्यात वाढलेल्या नराला मादीशी वागायचं कसं हे कळत नाही, त्यात तिची निवडही माणसंच करतात, हेही सांगितलं. एवढ्यावर थांबायचं ना! पण लोक पेंगायला लागलेले दिसले आणि मी ठोकून दिलं, "खरं सांगू का, गडी मुळातच थंड!" सभागृह खो खो हसलं. मला केवढा आनंद झाला.

बाहेर पडले तर एक पटकेवाले आजोबा वाट बघत उभे. निरवांगीचे तात्या, नातीला भेटायला कॉलेजात आलेले. वाडवडिलांचे मोठे कळप होते. आता ऊस, आणि हौसेपुरती तीसेक मेंढरं.

"बाई, त्या पांड्याचं डोळं बघून आमचा राजा आठवला," ते म्हणाले. "पांढरा मेंढा, डोळ्याभवती काळं. पर मेंढ्यांकडं ढुंकून बघत न्हाय. येऊन बघा की. न्हायतर येत्या बाजारात खाटकाला द्यायचा हाय."

दुसऱ्या दिवशी गेले. थेट गाडी मिळेलच असं नाही, कळंबला उतरून वडापची जीप धरा. जीपमध्ये आम्ही चौदा जण होतो, दोन्हीकडं ऊसच ऊस.

राजा पत्र्याच्या शेडमध्ये एकटा बांधलेला. गळ्यात मणी, डोक्यावर पंखा. तात्यांचा मुलगा बाळू, चांगला तिशीचा बाप्या, त्याला वासाच्या साबणानं चोळत होता.

"आई मेली त्याची, बाटलीवर वाढवलाय," बाळू कौतुकानं म्हणाला. "प्रदर्शनाचं जनावर हाय, कळपात सोडला तर मळंल. माझ्याबिगर घास घेत न्हाय."

"आणि मेंढ्या?"

"वर्साकाठी वाघरंत सोडतो की," तात्यांनी मेंढरांच्या जाळीच्या कुंपणाकडं बोट केलं. "समदी आळी बघाया येती, पोरं शिट्ट्या मारत्यात. ह्यो पळत बाळूकडं. बायकू दावली की गडी पळतोय बघा!"

सगळे हसले. माझं डोकं फिरलं. "जन्मभर मेंढ्यांपासून तोडून एकटा बांधलात त्याला, आणि वर नावं ठेवता? मेंढ्या वासानं नर ओळखतात, तुम्ही त्याची अत्तराची बाटली केलीय! चारचौघांच्या शिट्ट्यांत तुमचं तरी लग्न लागलं असतं का, तात्या?"

तात्या वरमले. मी बजावलं, मेंढी सतरा-अठरा दिवसांनी माजावर येते, म्हणून पुरा महिना कळपात ठेवा. साबण नाही, गर्दी नाही, बाळू तर अजिबात नाही.

"व्हय बाई. महिना. शबुद दिला."

शेंगोळ्या जेवले, झकास होत्या. निघताना राजा काळ्याभोर कळपात एकटा पांढरा उभा होता. एका मेंढीनं त्याला हुंगलं आणि ती शिंकली. बाळू पाठ फिरवून डोळे पुसत होता. तेव्हा मला त्याची दया आली नाही.

पुण्यात आले, परीक्षांत बुडाले. सहाएक महिन्यांनी नातीचं पत्र आलं.

"मॅडम, आठ दिवस काही दिसलं नाही म्हणून तात्यांनी राजा बाजारात नेऊन खाटकाला दिला. मी महिन्याची आठवण दिली. ते म्हणाले, बाईच भर सभेत बोलल्या न्हवं का, गडी मुळातच थंड असतोय. आता एक मेंढी व्याली. कोकरू पांढरं, डोळ्याभोवती काळं. कधी झालं, कुणीच पाहिलं नाही. तात्या दोन दिवस जेवले नाहीत. कोकराचं नावही राजाच ठेवलंय. बाळूकाकानं त्याला घरात आणलंय, बाटलीवर पाजतो, रोज अंघोळ घालतो."

आधी तात्यांना लाखोली वाहिली. आठ दिवस! मेंढरांत जन्म गेलेला माणूस! मग बाळूला. मग उरले मी. पांडा असो की मेंढा, कोंडायचं आपण आणि दोष त्याच्या माथी मारायचा, हे भर सभेत टाळ्या घेऊन शिकवून आले होते मीच.

त्याच दिवशी कार्ड टाकलं. "तात्या, कोकरू आत्ताच्या आत्ता आईपाशी सोडा. साबण बंद. सभेत मी बोलले ते लोकांना हसवायला बोलले. ते खोटं होतं."